चष्मेवाल्यांचा हिवाळा

आमच्या घरात रविवार आधी कानांना उजाडत असे. खिडकीत अजून काळोख असे, पण स्वयंपाकघरातून स्टोव्हला हवा भरल्याची फसफस येई, मग ज्योत निळी होतानाचा एकसुरी घरघराट, आणि थोड्या वेळाने तेलात पहिला वडा सुटल्याची चुरचुर. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत असे. ती डाळ भंडाऱ्याहून येणाऱ्या कुणा ना कुणाच्या पिशवीतून आमच्या विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत पोचायची, आणि तिच्याबरोबर जवसाची चटणी आणि माहेरच्या बातम्या. आईची बोली त्या पिशव्यांनीच टिकवली असावी. पुण्यात इतकी वर्षे काढूनही ती जराही बदलली नाही. बाहेरच्या खोलीत बाबांची वंदना चाले. पाली शब्दांचा सगळा अर्थ मला तेव्हा कळत नसे. पण बाबांच्या खर्जातल्या आवाजात ते शब्द पाण्याखालच्या गोट्यांसारखे एकमेकांना लागत जात, आणि शेवटच्या ‘साधु, साधु, साधु’ला माझी झोप पुरती उतरलेली असे. मग आमच्या सायकली निघत. बाबांच्या हँडलला अडकवलेल्या डब्यातून गरम वड्यांचा वास मागे मागे येत राही, आणि मी त्या वासाच्या पाठोपाठ थंडीतून पायडल मारत असे.

बाबा भोसरीकडच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात पर्यवेक्षक होते. एकदा कामगारांच्या कुटुंबांना कारखाना पाहायला बोलावले होते, तेव्हा हौसेने एक यंत्र चालवून दाखवले गेले. तो आवाज कानांनी ऐकल्याचे मला आठवत नाही. दाढांत ऐकल्याचे आठवते. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नव्हता. एक बोट वर म्हणजे थांब, तळहात आडवा म्हणजे यंत्र बंद, मूठ उघडली की माल सोड. बाबा आठवडाभर त्या हातांच्या भाषेत वावरत आणि रविवारी तीच भाषा बागेत घेऊन येत.

त्या बागेला आम्ही नुसती मोठी बाग म्हणत असू. तिच्यात दोन तळी होती, एक कमळांचे आणि एक शेवाळाचे, आणि त्यांच्या मधून खाली उतरत गेलेली दाट राई होती. वड, करंज, बूच आणि म्हातारे शिरीष तिथे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे होते. फाटकापासून हिरवळीपर्यंतची बाग लोकांची होती, भेळेची आणि झोपाळ्यांची. राई त्या काळात कुणाचीच नव्हती, म्हणून ती बाबांच्या रविवारच्या फेरीची झाली. फेरीला नेमाने येणारी माणसे मोजकी: भूगोल शिकवून निवृत्त झालेले देवधर सर, घरी शिवणवर्ग चालवणाऱ्या नलूताई, आणि मी. फेरीचा एक नियम होता. ठरलेल्या झाडाखाली थांबले की बाबा डोळे मिटून उभे राहत आणि आम्ही त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत. पक्षी ऐकू आला की त्यांचे बोट वर होई, मग हळूहळू आवाजाच्या दिशेला वळे, आणि त्यानंतरच दुर्बिणी डोळ्यांना लागत. बोट वर होण्याआधी कुणी हलायचे नाही, कुणी बोलायचे नाही.

“आधी त्याला बोलू द्या,” बाबा म्हणत. “आपण बघायला लागलो की डोळे हावरट होतात.”

“मेश्राम, तुमचं बोट वर होत नाही तोवर कावळासुद्धा कावळा नसतो आमच्यासाठी,” देवधर सर म्हणत. त्यांच्या बोलण्यात टोमणा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होतो, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आले नसते. पण ते म्हणत होते ते खरे होते. कारखान्यात बाबा वरच्यांच्या आणि खालच्यांच्या मधे उभे असत आणि दोन्हीकडचे ऐकून घेत. राईत मात्र त्यांचे ऐकले जाई. आठवड्यातली तेवढी एक सकाळ त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांनी आपल्या कानांवर उभी केली होती.

हल्ली फोन उंच धरला की पडद्यावर पक्ष्याचे नाव उमटते. माझी भाची तसे करते. मला त्यात काही वावगे वाटत नाही. फक्त फोन धरलेली माणसे वर पाहत नाहीत, फोनकडे पाहतात, हे मात्र माझ्या लक्षात येते. आणि आम्हीही झाडाकडे पाहत नव्हतो, बोटाकडे पाहत होतो, हेही.

मी अकरावीत होते त्या हिवाळ्यात बाबा एक नवीच गोष्ट सांगू लागले: चष्मेवाले गेले. चष्मेवाला चिमणीहून लहान, अंगाने हिरवटपिवळा, डोळ्यांभोवती पांढरे स्वच्छ कडे. तो एकटा फारसा दिसत नाही. लहानशा थव्याने या झाडावरून त्या झाडावर फिरतो आणि फिरताना सगळे मिळून अखंड बोलत राहतात, इतक्या बारीक आवाजात की ते बोलणे पानांतून जरीची तार ओढत नेल्यासारखे वाटते. बाबांचा तो फार लाडका पक्षी. त्या हिवाळ्यात शिरीषाखाली बाबा डोळे मिटून उभे राहत, आणि बोट वर होत नसे. भारद्वाज खोल घुमला की बोट वर होई, तांबटाची ठकठक आली की होई, होल्यासाठी होई. चष्मेवाल्यासाठी नाही, आणि पुढे पुढे तसल्याच बारीक आवाजाच्या फुलटोच्यासाठीही नाही.

“बाग मुकी होत चालली आहे,” बाबा म्हणाले. “शिरीषाच्या शेंगासुद्धा यंदा वाजत नाहीत.”

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. त्याच सुमारास बागेत खांबांवर कर्णे बसले होते आणि सकाळी त्यांच्यातून भक्तिगीते लागत. बाबांनी दोन गोष्टी जोडल्या आणि आम्ही तिघे त्यांच्यामागून बागेच्या अधीक्षकांच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. जगताप नावाचे ते गृहस्थ स्वभावाने बरे होते, पण त्यांच्यासमोर चहा निवत होता.

“अहो, लोकांना आवडतं,” ते म्हणाले. “सकाळची मंडळी खूश आहेत. तुमच्या पाखरांनी कुठं तक्रार केलीय?”

“ती तक्रार करत नाहीत. निघून जातात.”

“आणि गेली हे तुम्ही कशावरून म्हणता? जाताना सही करतात का?”

बाबांचा चेहरा घट्ट झाला. “येत्या रविवारी गाणी लावू नका. माझ्यासोबत राईत उभे राहा. एक जरी चष्मेवाला बोलला, तर तुमचे कर्णे खुशाल राहू देत.”

“आणि तुम्ही?”

“मी फेरी सोडतो. पुन्हा या बागेत कुणाला पक्षी दाखवायला येणार नाही.”

“मेश्राम, पैज घोड्यांवर लावतात हो,” देवधर सर हळूच म्हणाले. बाबांनी ते ऐकले नाही, किंवा त्यांना ते ऐकू आले नाही. जगतापांनी चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ मला चवीसकट आठवते. ताटात झुणका होता, ज्वारीची भाकरी होती, आणि लसणाची फोडणी अजून हवेत होती. बाबा डाव्या हातावर गाल टेकून काहीतरी सांगत होते. त्या मनगटावर कारखान्याने पर्यवेक्षकांना दिवाळीत दिलेले, आकडे दाखवणारे नवे घड्याळ होते. ते वाजले, टिट् टिट्, त्यांच्या कानाला अगदी लागून. बाबा बोलतच राहिले.

“बाबा, घड्याळ वाजलं,” मी म्हणाले.

“हे?” ते हसले. “हे कुठलं वाजतं! पहिल्या दिवसापासून मुकं आहे. फुकट दिलेलं असंच असायचं.”

मी आईकडे पाहिले. आई भाकरी मोडत होती. नंतर मोरीत भांडी विसळताना ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुले आता समजलं?”

“तुला कधी?”

“लय दिवस झाले. पाहाटे तेच घड्याळ वाजते, अन् उठतो मी.” भंडाऱ्याकडच्या बायकांसारखी आई स्वतःबद्दल ‘उठतो’ म्हणे, आणि पुण्यातल्या शेजारणी तिला त्यावरून हसत. “त्याइले वाटते, ते आपल्या मनानंच उठले.”

“मग त्यांना सांगत का नाहीस?”

“सांगतलं न माय. दोनदा सांगतलं, कान दाखवा डॉक्टरले. म्हंते, माह्या कानावर अख्खी बाग चालते.” तिने तवा उपडा घातला. “माणसाले डोळ्यानं दिसत नसलं तं ठेच लागते. कानाले ठेच कोठची लागते?”

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर मी एकटीच बागेत शिरले. शिरीषाखाली, बाबा उभे राहत त्याच जागी, मी डोळे मिटले. समोर पाहायला कुणाचे बोट नव्हते. आधी वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट आला, डब्यातल्या तांदळासारखा, आणि मग त्याच्या वरून, त्याहून बारीक, ती जरीची तार. एक, मग पुष्कळ. चष्मेवाले कुठेही गेले नव्हते. मला तो आवाज ओळखीचा वाटला. नुसता पूर्वीपासूनचा नव्हे, तर त्या हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारचा. तो माझ्या कानांत पडत होताच. बोट वर झाले नाही म्हणून तो पक्षी झाला नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी देवधर सरांनी मला सांगितले की त्यांनाही काहीतरी चिवचिवताना ऐकू येई, पण मेश्राम गप्प आहेत म्हणजे ते दुसरेच काही असणार, असे ते धरून चालले होते. नलूताईंना तर वाटे की आपल्या कानात शिवणयंत्र शिरले आहे. समजदार माणसांचा एवढा लहानसा घोळका, आणि सगळ्यांनी मिळून एकाच माणसाच्या कानांत राहायचे ठरवले होते.

शनिवारी मी बाबांना सांगितले. ते अंगणात बसून दुर्बिणीची काच मऊ फडक्याने पुसत होते.

“बाबा, मी राईत गेले होते. चष्मेवाले आहेत.”

“पाहिलेस?”

“ऐकले.”

“शिंजीर असेल. बायकोशी भांडताना तोही तसाच चिरकतो.” त्यांनी काच उजेडाकडे धरली. “तुझा कान अजून कच्चा आहे बेटा. होईल हळूहळू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती, आणि म्हणूनच मी विषय तिथेच सोडला. आतून आई म्हणाली, “पोरीचं आयकून तं घ्या.” बाबांनी तिचे ऐकले, तिचा आवाज त्यांच्यापर्यंत नेहमीच पोचे. पण त्यांनी नुसतेच हसून मान हलवली.

रविवारी गाणी लागली नाहीत. कमळांच्या तळ्यावर धुके बसले होते आणि त्यात वंचक बगळे मातीच्या रंगाचे होऊन उभे होते. जगताप स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून आले; देवधर सरांनी त्यांना टोपी कानांवरून वर करायला लावली. “ऐकायला बोलावलंय साहेब, झोपायला नाही.” मग आम्ही शिरीषाखाली जाऊन उभे राहिलो. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात मांडीजवळ सैल सुटला होता, आणि आम्ही सगळे त्या हाताकडे पाहू लागलो.

भारद्वाज घुमला. बोट वर झाले, वळले, खाली आले. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग ते आले. राईच्या वरच्या बाजूने, झाडाझाडांतून, ती तार ओढली जात जवळ येऊ लागली आणि थेट आमच्या डोक्यावर येऊन तिची जाळी झाली. एवढ्या जवळून, एवढे भरभरून बोलणारे चष्मेवाले मी आजवर पुन्हा ऐकलेले नाहीत. बाबांचा हात तसाच राहिला. नलूताईंनी पदर तोंडाशी नेला. जगतापांनी आधी वर पाहिले, मग आमच्याकडे.

“हे काय वाजतंय मग?” ते कुजबुजले. “हेच नव्हे का ते?”

देवधर सरांनी क्षणभर बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिले. ज्या माणसाने कधी कुणाची चूक सुधारल्याशिवाय सोडली नव्हती, विद्यार्थ्यांची नाही, दुकानावरच्या पाट्यांची नाही, तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, “ते? तो किडा आहे.”

“किडा?”

“झाडावरचा किडा. थंडीत ओरडतो.”

“सकाळी?”

“हा सकाळी ओरडतो,” देवधर सर म्हणाले, आणि असल्या किड्यावर आणखी प्रश्न विचारण्याची हिंमत कुणी करू नये अशा नजरेने त्यांनी जगतापांकडे पाहिले. नलूताईंनी मान डोलावली. एका खोट्याभोवती तीन माणसे हात धरून उभी राहावीत तसे आम्ही उभे होतो, आणि त्या क्षणी मला वाटले की हे निभावणार, कर्णे उतरणार, फेरी चालू राहणार.

मग बाबांनी डोळे उघडले. जिंकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. त्यांनी सहज वर पाहिले. सगळ्यात खालच्या फांदीवर, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, चष्मेवाल्यांचा थवा बसला होता. पांढरी कडी स्वच्छ दिसत होती. इवल्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या, आणि गळ्याखालची पिवळी पिसे प्रत्येक वेळी थरथरत होती. बाबा पाहत राहिले. कारखान्याच्या गोंगाटात कुणी चुकून तोंडाने बोलू लागला की त्याच्या ओठांकडे पाहतात, तसे ते त्या चोचींकडे पाहत होते.

ते माझ्याकडे वळले. देवधर सरांकडे नाही, नलूताईंकडे नाही. “आवाज येतोय?” त्यांनी विचारले.

देवधर सरांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

“हो, बाबा.”

“आधीपासून?”

“हिवाळाभर.”

बाबांनी मान हलवली, हिशोब जुळल्यावर हलवावी तशी. मग ते जगतापांना म्हणाले, “साहेब, पक्षी आहेत. कुठं गेलेले नाहीत. माझी तक्रार मी मागे घेतो.”

जगतापांना एकूण प्रकार कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी मफलर उगाच सैल केला. “अहो, राहू द्या ते. आपण असं करू, सकाळची गाणी बंदच ठेवू. त्यात काय एवढं.”

“नको,” बाबा म्हणाले. “वाजू द्या. मला निदान ती तरी ऐकू येतात.”

बाबांनी दुर्बीण गळ्यातून काढून तिच्या खोक्यात ठेवली आणि देवधर सरांना म्हणाले, “पुढच्या रविवारपासून तुम्ही बघा.”

“मी?” देवधर सर म्हणाले. “मला तुमच्या बोटाशिवाय काही ऐकू येत नाही, मेश्राम. आत्ताच साहेबांना चष्मेवाला म्हणजे किडा असं सांगून बसलोय.”

“मग शिका,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी वड्यांचा डबा उघडून आधी जगतापांसमोर धरला.

त्यांनी शब्द पाळला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांच्या कानांचा आलेख काढला. डावीकडून नीट चालत आलेली रेषा उजव्या बाजूला, बारीक आवाजांच्या घरात, एकदम दरीत उतरावी तशी उतरली होती. वर्षभराने ते पुन्हा राईत येऊ लागले, पण मागे उभे राहत आणि दुर्बिणीतून पाहत. फेरी नलूताईंनी चालवली. गाण्यांचा आवाज जगतापांनी कमी केला, असे मला वाटते; आज खात्रीने सांगता येणार नाही.

मला सांगायचे आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेवरचे. नेहमी बाबा पुढे असत. त्या दिवशी ते सायकल हातात धरून चालत होते, म्हणून मीही उतरले. नदीवरच्या पुलाशी ते थांबले. रहदारी अजून सुरू झाली नव्हती.

“कसा बोलत होता?” त्यांनी विचारले. “सांग बरं.”

मी सांगू लागले. जरीची तार म्हणाले, सुईतून ओढलेला दोरा म्हणाले. मला शब्दांचा तेव्हाही सोस होता. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मान हलवली. “नाही. तसा नाही तो. तार एकसारखी असते. तो मधेच खाली येतो, आणि पुन्हा वर जातो. असा, बघ.”

त्यांनी ओठ आवळले आणि शीळ घातली. अगदी वरच्या पट्टीतली, बारीक, मधेच किंचित खाली उतरून पुन्हा वर चढणारी. डोळे मिटून ऐकली असती तर मी दुर्बीण उचलली असती. पुलाच्या कठड्यावरचा एक कोतवाल पक्षी मान वाकडी करून आमच्याकडे बघू लागला. शीळ संपली तरी बाबांचे ओठ थोडा वेळ तसेच राहिले. मग ते माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले, उत्तरासाठी, कारण ते त्यांना दुसरीकडून मिळणार नव्हते.

“असाच ना?” त्यांनी विचारले. “बरोबर आली?”

“अगदी असाच, बाबा,” मी म्हणाले. जरा मोठ्याने.